बारावा प्रश्न

मागच्या जूनमधली गोष्ट. आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात एमबीएची चार-पाच पोरं इंटर्नशिपला येतात, दोन महिने कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात आणि जाताना लेटरहेडवर सर्टिफिकेट घेऊन जातात. त्यातली एक माझ्या गळ्यात पडली होती. नगरकडची, हळू बोलणारी, डब्यात रोज मेथीचं काहीतरी आणणारी. तिने शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्टचा ड्राफ्ट मेल केला आणि मी हिंजवडीहून परत येताना कॅबमध्ये फोनवरच चाळत होते, म्हणजे खरं सांगायचं तर वाचत नव्हतेच, नुसती पानं वर सरकवत होते, कारण असल्या रिपोर्टात वाचण्यासारखं काही नसतं हे मला माहितीये, मीही एक लिहिलाय. चांदणी चौकात गाडी अडकली तेव्हा शेवटची पानं आली. दुकानदारांसाठीची प्रश्नावली. एक, दोन, तीन करत अकरा, आणि मग एकदम तेरा.

बाराव्या प्रश्नाची जागाच नव्हती.

आधी वाटलं टायपिंगची चूक. मग वर जाऊन सातवा प्रश्न वाचला. ‘मालाची गाडी ठरलेल्या दिवशी येते का, आणि येत नसल्यास आपण काय करता?’ एका प्रश्नात दोन प्रश्न. रिसर्च मेथडॉलॉजीच्या सरांनी याच वाक्याखाली लाल रेघ मारली होती, ‘डबल बॅरल, सुधारा’ असं लिहून, आणि मी ते सुधारलं नव्हतं. २००९ साली. सुधारलं नव्हतं कारण तोवर झेरॉक्स काढून झाल्या होत्या, शंभर प्रती, साठ पैसे पानाप्रमाणे, आणि मेसचे पैसे द्यायचे राहिले होते. म्हणजे ही प्रश्नावली माझी होती. बारावा प्रश्न गाळल्यावर पुढचे आकडे बदलायचे मी विसरले होते आणि ते भोक पंधरा वर्षं जसंच्या तसं फिरत फिरत चांदणी चौकात माझ्यापाशी आलं होतं. एसी चालू असताना मला घाम आला.

ते फिरलं कसं हे समजायला फार डोकं लागत नाही. त्या काळात एक साइट होती, तिच्यावरून एक फाइल उतरवायची तर आपली एक चढवावी लागायची. मला कसल्याशा नोट्स हव्या होत्या, हाताशी माझा मसाल्याच्या कंपनीवरचा रिपोर्ट होता, दिला चढवून. पहिल्या पानावरचं नाव काढायचं तेवढं सुचलं. पुढे कोणी उतरवला, कोणी मसाल्याच्या जागी साबण टाकला, कोणी पुण्याच्या जागी नाशिक, कोणी परत पुणे. प्रश्नावली मात्र कोणी मन लावून वाचली नसणार, नाहीतर तेरावा बारावा झाला असता. आणि नुसती प्रश्नावली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण रात्री घरी येऊन रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचला तेव्हा ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’मध्ये एक ओळ सापडली, की आधीच्या एका अभ्यासानुसार पुण्यातले ६४ टक्के किराणा दुकानदार डॅमेज माल परत घेण्याच्या पद्धतीबाबत असमाधानी आहेत.

ते ६४ टक्के मी केले होते. मोजले नव्हते, केले होते.

बार्शीहून मी पुण्याला आले ते २००८च्या पावसाळ्यात, एसटीने, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत, मांडीवर गादीची वळकटी घेऊन. बीकॉमला फर्स्ट क्लास होता, सीईटीत मार्क बरे पडले आणि त्या वर्षी आमच्या गल्लीत ज्याला त्याला एमबीए करायचं होतं. विद्यापीठाचं नाव अजून नुसतं पुणे विद्यापीठ होतं, सावित्रीबाईंचं नाव लागायला सहा वर्षं होती. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही हे बँकेच्या साहेबांना अण्णांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलं, नियम दाखवून, तेव्हा कुठे फॉर्म मिळाला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी. माझी कॉट खिडकीपाशी होती आणि खिडकीखाली एका मिसळवाल्याचा एक्झॉस्ट, त्यामुळे दोन वर्षं माझ्या एकुलत्या एका ब्लेझरला तर्रीचा वास होता. तो ब्लेझर घालून मी ग्रुप डिस्कशनला जायचे, म्हणजे त्या मासळीबाजारात, जिथे नऊ जण एकदम बोलायचे आणि जो ‘लेट्स लिसन टू हर ऑल्सो’ म्हणायचा त्याला लीडरशिपचे मार्क मिळायचे. तो ‘हर’ बहुतेक वेळा मीच असायची.

या शिक्षणाची टिंगल करणं सोपंय आणि मी बाकीच्यांसारखीच करते, पण ती सगळी खरी नाही. इंग्रजीत तोंड उघडायला मी तिथेच शिकले. माणसं भरलेल्या खोलीत उभं राहून पाय थरथरत असताना आवाज थरथरू द्यायचा नाही हेही. ताळेबंद वाचायला आधी येत होता, तो कोणासाठी सजवलेला असतो हे तिथे कळलं. बाकी मग चार पी, पाच फोर्सेस, त्रिकोण, चौकोन. माणसाच्या गरजांचा तो मास्लोचा पिरॅमिड तर आम्ही इतक्या वेळा काढला की मेसमध्ये भाताचा डोंगर बघून कोणीतरी ‘सेल्फ अॅक्च्युअलायझेशन’ म्हणून वरचं तूप उचलायचं. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की १९४३च्या मूळ लेखात मास्लोने पिरॅमिड काढलेलाच नाही. तो नंतर दुसऱ्याच कोणीतरी काढला आणि मग एकाचं बघून दुसऱ्याने. तसंच ते लायकर्ट स्केल, ‘पूर्ण समाधानी’पासून ‘पूर्ण असमाधानी’पर्यंत पाच खाने. रेन्सिस लिकर्टने १९३२मध्ये मांडलेलं. तो स्वतः आपलं आडनाव लिकर्ट असं उच्चारायचा, आम्ही, आमचे सर आणि बहुधा अख्खा भारत लायकर्ट म्हणतो. माझी आताची पोरंही लायकर्टच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

दुसऱ्या सेमिस्टरची सुरुवात होते न होते तोच ७ जानेवारी उजाडली. बुधवार होता. दुपारी कँटीनच्या टीव्हीवर सत्यमचं, त्या हैदराबादच्या आयटी कंपनीचं. तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं होतं की ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक म्हणून जे ५,३६१ कोटी दाखवलेत त्यातले ५,०४० कोटी नाहीतच. तिमाहीचा मार्जिन २४ टक्के दाखवलेला, खरा ३. चार महिन्यांपूर्वी याच कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, आणि डिसेंबरपर्यंत संचालक मंडळावर हार्वर्डचे एक प्राध्यापक आणि हैदराबादच्या आयएसबीचे डीन बसत होते. शेअर एका दिवसात पाऊण हिश्शाहून जास्त कोसळला. आमच्या वर्गातल्या दोघांचे दादा तिथे नोकरीला होते, ते दोघं बाहेर जाऊन फोन लावत बसले. पत्रात एक वाक्य होतं, वाघावर बसल्यासारखं झालं होतं, उतरलं तर तो खाणार, असं काहीसं. एथिक्सच्या मॅडमनी दुसऱ्या आठवड्यात त्यावरच असाइनमेंट दिली. मी अकरा पानं लिहिली, चांगली लिहिली, वर्गात वाचून दाखवायला लावली. आकड्यांचा खोटेपणा एकदम येत नाही, आधी छोटी फट पडते आणि ती बुजवायला पुढच्या तिमाहीत मोठी, वगैरे. टाळ्या पडल्या. त्यानंतर साडेचार महिन्यांनी मी माझे ६३ फॉर्म घरी बसून भरले.

समर प्रोजेक्ट म्हणजे आठ आठवडे. अमेरिकेतली लेहमन बँक बुडून वर्ष व्हायचं होतं, कंपन्या नोकरी देत नव्हत्या तिथे इंटर्नशिप कोण देणार. ओळखीतून एका मसाल्याच्या कंपनीत लागलं, बिनपगारी, येण्याजाण्याचे पैसे देऊ म्हणाले ते अजून येतायत. विषय त्यांनीच दिला, पुणे शहरातल्या किरकोळ दुकानदारांचं समाधान. कॉलेजचा नियम, सॅम्पल कमीत कमी शंभर. कसं निवडायचं तर कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग, म्हणजे जे सोयीचं पडेल ते दुकान. पुस्तकातल्या सगळ्या संज्ञांमध्ये ही एकच मला प्रामाणिक वाटते.

प्रश्नावली मी मन लावून केली होती. इंग्रजीत आणि खाली मराठीत. पंधरा प्रश्न. त्यातला बारावा असा होता, ‘आपल्या मुलाने हे दुकान पुढे चालवावे असे आपणास वाटते का?’ गाइड सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘हा कुठल्या ऑब्जेक्टिव्हमध्ये बसतो?’ बसत नव्हता. का टाकला होता तेही मला नीट सांगता येईना. सरांचं मत असं, की किराणाच पाच वर्षांत संपणार, मॉलवाले येतायत, तेव्हा पुढच्या पिढीचा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे त्याच सुमारास सुभिक्षा या सुपरमार्केट साखळीची सोळाशेच्या वर दुकानं देशभर धडाधड बंद पडत होती आणि आमच्या कोपऱ्यावरचा वाणी पूर्वीसारखाच सकाळी शटर वर करून उदबत्ती फिरवत होता. पण मी वाद घातला नाही. प्रश्न खोडला, आकडे तसेच राहिले, झेरॉक्स झाल्या.

मे महिन्यात पुण्यात दुकानं फिरणं काय असतं ते एखाद्या सेल्समनला विचारा. सकाळी अकराच्या आत गेलं तर गिऱ्हाईक, एकनंतर शटर खाली, संध्याकाळी परत गिऱ्हाईक. पीएमटीचा पास, पाठीवर सॅक, हातात पॅड, आणि दुकानदाराने मान वर करायची वाट बघत शॅम्पूच्या लडींखाली उभं राहायचं, त्या लडी केसांना घासत राहतात. कसब्यात एका आजोबांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं आणि म्हणाले, ‘फॉर्म नंतर, आधी त्या बाईंना अर्धा किलो जाडे पोहे दे बांधून, मला उठवत नाही.’ मी पोहे बांधले. मग आणखी दोघींना गूळ दिला. मग त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि एकदाही न वाचता सगळीकडे ‘पूर्ण समाधानी’वर टिक केली. म्हटलं आजोबा, डॅमेजचं काय, आत्ताच तर तुम्ही सांगितलंत की हळदीची फाटलेली पाकिटं चार महिने पडून आहेत, डिस्ट्रिब्युटरचा माणूस ‘पुढच्या गाडीला नेतो’ म्हणतो आणि नेत नाही. ते म्हणाले, ‘ते तुला सांगितलं, बाळ. कागदावर कशाला? उद्या तो स्कीम बंद करेल, बारावर एक फुकट देतो ते द्यायचा नाही.’

हे एकदा झालं असतं तर ठीक. बिबवेवाडीतल्या एका राजस्थानी शेटजींनी आधी उधारीचं पुराण ऐकवलं, कंपनी सात दिवसांत पैसे मागते आणि सोसायटीवाले महिन्याने देतात, मधले तेवीस दिवस काय खाऊ, आणि मग क्रेडिटच्या रकान्यात ‘समाधानी’. ‘लिख दो बेटा, सब चार नंबर लिख दो.’ धनकवडीत एक ताई होत्या, मिस्टर रिक्षा चालवायचे, दुकान त्या एकट्या बघायच्या, त्यांनी तेवढं खरं भरलं, पेन जोरात दाबून, कागद फाटेपर्यंत. अशा ३७ दुकानांत मी गेले. ३७ माणसांनी तोंडाने एक सांगितलं आणि त्यातल्या बहुतेकांनी कागदावर दुसरंच. मी कंपनीची माणूस नाही, कॉलेजची आहे, हे कितीही सांगितलं तरी फॉर्मवर कंपनीचं नाव होतं, आणि लहान दुकानदाराला कागदाची भीती असते ती उगीच नसते.

बारावा प्रश्न मी विचारतच होते. फॉर्मवर नव्हता म्हणून तोंडी विचारायचे, शेवटी, पॅड सॅकमध्ये टाकल्यावर, आणि बाहेर पडून एका लांबट वहीत लिहून ठेवायचे. गंमत ही की त्याचं उत्तर द्यायला कोणीच घाबरलं नाही. आजोबा म्हणाले, मुलगा कॅनडाला, तो येतो तेव्हा इथल्या मिरच्यांनी त्याला शिंका येतात. शेटजी म्हणाले, ‘बिठाऊंगा तो बहू नहीं मिलेगी.’ कोणी म्हणालं पोरगा बसतो पण मोबाइलमध्ये असतो, कोणी म्हणालं बसू देत, दुसऱ्याची चाकरी करण्यापेक्षा बरं. बहुतेकांचं उत्तर नाही असंच होतं आणि बहुतेकांचा आवाज त्या ‘नाही’ला जरा खाली यायचा. धनकवडीच्या ताईंनी मलाच उलट विचारलं, ‘मुलानेच का? मला दोन पोरी आहेत.’ मी एमबीए करणारी, लोन काढून पुण्यात आलेली बाई, आणि माझ्या प्रश्नात ‘मुलाने’ होतं. मी तिथेच वहीत खोडून ‘मुलांनी’ केलं, पण ते त्यांनी बघितलं नाही, त्या मीठ मोजत होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला, मला ताप आला आणि रिपोर्ट जमा करायला दहा दिवस उरले. लातूरची रूममेट म्हणाली, वेडी आहेस का, कोण फिरतं शंभर. तिच्याकडे लॅपटॉप होता, तिने एक्सेल उघडून रॅन्डबिटवीन शिकवलं, एक ते पाचमधला कुठलाही आकडा, खाली ओढलं की ६३ ओळी तयार, आणि एंटर दाबलं की सगळे आकडे एकदम बदलतात, ६३ दुकानदार एकदम मत बदलतात, आम्ही हसून हसून लोळलो. पण चार्ट काढला तर सगळे बार सारख्या उंचीचे. पाच खाने, प्रत्येकात वीस टक्क्यांच्या आसपास, सरासरी तीन. असं कुठे असतं का, एखाद्या पोरालाही कळेल. माणसं इतकी समान वाटलेली नसतात. मग मी ते पुसलं आणि हाताने भरायला बसले. दोन रात्री. आणि हाताने भरताना, शपथेवर सांगते, मी मनाला येईल ते नाही भरलं. ताप होता, खाली मिसळवाल्याची भांडी वाजत होती, आणि मी एकेक दुकान डोळ्यांपुढे आणत होते. हा गंज पेठेतला, छोटा, उधारीवर चालणारा, हा डॅमेजवर वैतागलेला असणार. ही वारज्यातली, नवीन सोसायटीखालची, हिची गाडी वेळेवर येत असणार. ३७ जणांनी मला जे तोंडाने सांगितलं आणि कागदावर लिहिलं नाही, ते मी या ६३ जणांच्या नावावर लिहिलं. डॅमेजच्या प्रश्नाला खऱ्या फॉर्मांत असमाधानी होते फक्त ९. बाकीचे ५५ माझे.

म्हणून ६४.

आता यातला खोटा आकडा कुठला ते मला आजही ठरवता येत नाही. म्हणजे ठरवता येतं, नियमाने येतं, मी पोरांना तेच शिकवेन. पण माझ्या ३७ खऱ्या फॉर्मांवरून असं दिसलं असतं की पुण्यातला किराणा दुकानदार सुखात आहे, कंपनी गुणी आहे आणि हळदीची पाकिटं फाटत नाहीत. रिपोर्ट कंपनीत दिला तेव्हा एरिया मॅनेजरांनी नेमकं तेच पान उघडलं, ६४वर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हां, हे बरोबर आहे. हे आम्हाला माहितीच आहे. पुढे काय?’ पुढे पायचार्ट होते. ते त्यांनी बघितले नाहीत. व्हायव्हाला बाहेरून आलेले सर चार मिनिटं बसले, ‘काय-स्क्वेअर लावला का?’ एवढं विचारलं, ती आकडेवारीची चाचणी, मी लावला होता, हाताने बनवलेल्या आकड्यांवर लावला होता आणि निकाल फार सुंदर आला होता. शंभरपैकी ७८.

दिवाळीला तो काळा, सोनेरी अक्षरांचा बाइंड केलेला रिपोर्ट घेऊन बार्शीला गेले. अण्णा मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी होते, तीस वर्षं, तुरीच्या सीझनला रात्री दहा-दहा वाजता घरी यायचे, सदऱ्याच्या खिशाला निळी शाई. रोजमेळ रुपयाने जुळला नाही तर जेवायला बसायचे नाहीत, आई ताट झाकून ठेवायची. त्यांनी माझा रिपोर्ट खतावणीसारखाच उघडला. इंग्रजी सोडून दिलं, तक्त्यांवरून बोट खाली फिरवत गेले, ओठ हलत होते, आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर थांबले. ‘माणसं शंभर ना गं?’ म्हटलं हो. ‘हितं एकशे एक झाल्यात.’ कॉलेजात गाइडने, एक्स्टर्नलने, कंपनीने, कोणीच बेरीज केली नव्हती. मला हसू आलं, मग एकदम रडू, आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं, ६३चं.

मला वाटलं बोलतील. अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. म्हणाले, ‘शेटच्या पण दोन वह्या असत्यात. एक दाखवायची. दुसरीत खरं असतं. दोन्ही मीच लिवतो.’ मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे आडतीत दोन नंबर चालतं हे बार्शीतल्या पोरासोरालाही ठाऊक असतं, पण ते अक्षर अण्णांचं असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. जेवायला न बसता ते जी वही जुळवत असायचे ती कुठली, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, ‘दाखवायची वही जास्त नीट लिवावी लागती. तुझी बेरीज चुकली ती चुकलीच.’ आणि रिपोर्ट कपाटात, कुळदैवताच्या फोटोखाली ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे. अण्णा नाहीत.

तर सोमवारी मी त्या मुलीला बोलावलं. प्रश्नावली कुठून घेतली वगैरे विचारलंच नाही, कारण ‘नेटवरून’ हे उत्तर मला पाठ होतं. विचारलं, ‘अगं, किती दुकानं खरी फिरलीस?’ ती लगेच ‘शंभर’ म्हणाली नाही हे मला आवडलं. डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. ‘एकोणीस, मॅम.’ बाकीचे? बाकीचे चॅटजीपीटीकडून. सांगितलं की शंभर ओळी देतं, म्हणाली, पुण्यातले दुकानदार असं लिहिलं की नावंसुद्धा टाकतं, आणि बार सारख्या उंचीचे येत नाहीत, ते आपलं आपण कमी-जास्त करतं. आम्हाला दोन रात्री आणि ताप लागला होता. मी म्हटलं, मग १९ लिही ना, सॅम्पल साइज एकोणीस, काय बिघडतं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच कॉलेजात नवीन आहे. ‘कॉलेज घेणार नाही मॅम. मिनिमम शंभर लागतं.’

मग मी विचारलं त्या एकोणीस जणांनी काय सांगितलं. आणि ती बोलायला लागली, पाऊण तास, इतकी ती दोन महिन्यांत एकूण बोलली नव्हती. कात्रजच्या एका दुकानदाराचा मुलगा दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांकडे डिलिव्हरीला लागलाय आणि बापाच्याच गिऱ्हाइकांना माल नेऊन देतो. एका काकूंनी तिला फॉर्म भरून दिला नाही पण आवळा सुपारी दिली. डॅमेजचं विचारलं तर एकाने आतून पोतं ओढून आणून दाखवलं, ‘फोटो काढ, पण माझं नाव नको.’ म्हटलं हे कुठंय रिपोर्टात? ती म्हणाली, हे कुठे बसतं मॅम? मी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या लक्षात आलं की तो मी सरकवलाय.

तिला दोन आठवडे जास्त दिले. आणखी दुकानं फिर म्हटलं, किती होतील तितकी, आणि ६४ टक्क्यांची ती ओळ काढून टाक. का ते विचारलं तर सोर्स पक्का नाही एवढंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्या शनिवारी माळ्यावरून लांबट वही काढली. फॉर्म केव्हाच रद्दीत गेले, वही राहिली होती. आजोबांच्या पानाला हळदीचा डाग आहे. वही सोमवारी ऑफिसात घेऊन गेले, तिला द्यावी म्हणून, आणि तशीच पर्समध्ये परत आणली. बारावा प्रश्न विचार असं तिला सांगणार होते. कुठल्या ऑब्जेक्टिव्हमध्ये बसतो असं तिने विचारलं असतं तर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

शेवटचा ड्राफ्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. सॅम्पल साइज शंभर. खरी किती झाली ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चौऱ्याहत्तराव्या पानावर तक्ता नव्हता, तरी मी सगळ्या तक्त्यांच्या बेरजा केल्या, बोट फिरवत. जुळल्या. सातवा प्रश्न अजून डबल बॅरलच होता. मग शेवटच्या पानावर गेले. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. मेलमध्ये खाली तिने लिहिलं होतं, ‘मॅम, क्वेश्चनेअरमध्ये नंबरिंग चुकलं होतं, ते करेक्ट केलंय.’ बारावा प्रश्न आता कंपनीच्या जाहिरातींविषयी होता.

मी सर्टिफिकेटची प्रिंट काढली, सही केली, खाली तारीख घातली. शिक्का अॅडमिनकडे असतो, तो मारून घे म्हटलं.